साखळी पक्की, पण पहिली नोंद कोणाची?

जॉर्डनमधल्या अझराक छावणीत सीरियन निर्वासितांना किराणा घ्यायला रोख पैसे किंवा कार्ड लागत नाही. दुकानातले यंत्र बुबुळ ओळखते आणि खात्यातून रक्कम वळती होते. २०१७पासून जागतिक अन्न कार्यक्रम या व्यवहारांची नोंद ब्लॉकचेनवर ठेवतो आहे. बँकांना द्यावे लागणारे शुल्क त्यामुळे ९८ टक्क्यांनी घटले, असे या संस्थेचे म्हणणे आहे. सरकारी योजना आणि मदतकार्यात ब्लॉकचेन आणा म्हणणारे हेच उदाहरण पुढे करतात. ते नीट तपासले तर मात्र वेगळाच निष्कर्ष निघतो. बचत झाली ती बँकेला वगळल्यामुळे. सुरुवातीला सगळी नोंदवही एकाच संस्थेच्या ताब्यात होती, आणि एकटीचा हिशेब ठेवायला साधा डेटाबेसही पुरला असता. ब्लॉकचेनला खरा अर्थ आला तो यूएन विमेन ही दुसरी संस्था त्याच जाळ्यात सामील झाल्यावर. कोणाला दुबार मदत मिळाली आणि कोण राहून गेले, हे संस्थांच्या वह्या जुळल्याशिवाय कळत नाही, आणि आपली वही दुसरीच्या हाती सोपवायला कोणतीच संस्था सहसा राजी नसते.

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून सांभाळलेली नोंदवही. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यातून गणिताने एक छोटा ठसा काढतात. त्याला हॅश म्हणतात. पुढच्या गठ्ठ्यात मागच्याचा हॅश गुंफलेला असतो. जुन्या नोंदीतले एक अक्षर बदलले तरी पुढचे काही जुळत नाही, आणि इतरांकडच्या प्रतींमुळे खाडाखोड उघडी पडते. ही कल्पना बिटकॉइनहून जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी ती १९९१मध्ये मांडली. पुढे त्यांची कंपनी दर आठवड्याचा हॅश न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आणू लागली. घरोघरी पोचलेला अंक बदलणार कोण? म्हणजे सारे बळ साक्षीदारांच्या संख्येत आणि स्वतंत्रपणात आहे. सगळ्या प्रती एकाच खात्याच्या संगणकांवर असतील तर ब्लॉकचेन हे नाव तेवढे उरते.

पण साक्षीदार एवढेच सांगतो की नोंद नंतर बदललेली नाही. ती मुळात खरी होती का, हे तो सांगू शकत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२मध्ये सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बनावट दाखला ओळखायला ही सोय उत्तम आहे. मात्र खोट्या पुराव्यावर कचेरीनेच दाखला दिला, तर तोही तितकाच पक्का नोंदला जाईल. जमिनीचेही तेच. जॉर्जियाने २०१६पासून मालमत्तेच्या नोंदींचे हॅश बिटकॉइनच्या साखळीत गुंफायला घेतले. त्याआधी कित्येक वर्षे तिथे नोंदणी खात्याची साफसफाई झाली होती. होंडुरासमध्ये २०१५मध्ये जाहीर झालेला तसाच प्रकल्प रखडला.

मग डिजिटल स्वाक्षरी पुरेशी नाही का, असे कोणी विचारेल. पुष्कळ ठिकाणी ती पुरते. पण स्वाक्षरी सही कोणाची हे सांगते. सही करणारे कार्यालयच मागची तारीख घालून नवा कागद तयार करू लागले, तर तिचा उपयोग नाही. नागरिकाचा वाद खुद्द कार्यालयाशी असतो तेव्हा बाहेरचा साक्षीदार लागतोच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जे पुसता येत नाही तिथे माणसाची खासगी माहिती ठेवायची कशी? २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. म्हणून साखळीवर फक्त हॅश असावा, मूळ माहिती बाहेर. दुरुस्तीसाठी जुनी नोंद नाहीशी करण्याची गरजही नाही. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करून नवे लिहितात, तशी नवी नोंद जुनीच्या पुढे येऊ शकते.

तेव्हा एखादे खाते किंवा धर्मादाय संस्था ब्लॉकचेनची घोषणा करील तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली नोंद कोण तपासतो? प्रती कोणाकोणाकडे आहेत? चुकीची नोंद दुरुस्त करायला गरिबाने कुठे जायचे? यांतल्या मधल्याच प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञान देते. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी कचेरीत जबाबदार माणूस आणि मुदतीत निकाल लागणारी तक्रारीची व्यवस्था लागते, आणि खर्चाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.