चौथी तपकिरी लिपस्टिक

भाचीने डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चार रेघा ओढल्या आणि हात माझ्या डोळ्यांसमोर नाचवला. “मावशी, नीट बघ हं. आहेत का सारख्या?” मला चारही रेघा तपकिरीच दिसत होत्या. तसं म्हटल्यावर तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, जणू भैरव आणि अहिरभैरव हे राग एकच असं मी ऐन सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात उभं राहून ओरडले होते.

वय २४, नोकरी हिंजवडीत, मुक्काम कोथरूडला आमच्याकडे. तिच्या कपाटाचं दार उघडलं की आधी हात पुढे करून उभं राहावं लागतं, काय अंगावर येईल सांगता येत नाही. तिचे नाद तीन: लिपस्टिक, ऑक्सिडाइज्ड दागिने आणि कुर्ते. घरात याला ‘थेर’ म्हणतात. मीही म्हणत असे. पण रोज संध्याकाळी तिची पार्सलं माझ्याच हातात पडू लागली, आणि पिशवीत नेमकं असतं काय ते मी बघू लागले.

आधी लिपस्टिक. कांडीत मुख्यतः मेण, तेल आणि रंग. मेणामुळे ती उभी राहते, तेलामुळे ओठांवर सरकते, आणि पैसे आपण मोजतो ते रंगाचे. मॅट हवी असेल तर तेल कमी, रंग आणि पावडर जास्त. पातळ मॅटमध्ये तर उडून जाणारा द्रव असतो. तो हवेत गेला की रंगाचा पापुद्रा मागे उरतो. म्हणून ती वरणभात जेवूनही टिकते आणि म्हणूनच रात्री ओठ ताणल्यासारखे होतात. तपकिरी छटा बहुतेक लोहाच्या ऑक्साइडांतून येतात. तांबडं, पिवळं, काळं, शिवाय फिकट करायला पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड. प्रमाण जरा हललं की छटा बदलली. तुळशीवृंदावनाला आपण गेरू लावतो, त्याचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. लिपस्टिकमधलं कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार केलेलं असतं, इतकंच. हे ऐकून भाची खूश झाली. माझी आई मात्र बसल्या जागेवरून म्हणाली, “तुळशीला लावायचं ते आता तोंडाला?”

एवढ्या छटा लागतात कशाला, याचं उत्तर कातडीत आहे. गोऱ्या कातडीला ‘न्यूड’ वाटणारा रंग सावळ्या ओठांवर लावला की मुलगी दोन दिवस तापाने पडून उठल्यासारखी दिसते. माझ्या कॉलेजच्या दिवसांत दुकानात गुलाबी मागा नाहीतर मरून, तिसरं विचारलं तर दुकानदारच चपापायचा. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमने आम्हाला रंग उजळायला शिकवलं; २०२० साली त्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. भाचीच्या पिढीला उजळायचं नाही, जुळवायचं आहे. चौथी तपकिरी त्या जुळवाजुळवीतली.

तिच्या पिशवीत लॅक्मेचं काजळही असतं आणि झुडिओचा कुर्ताही. या दोन गोष्टींचं मूळ एकाच घरात आहे हे तिला माहीत नव्हतं. लॅक्मे १९५२ सालची, टाटांची. नाव घेतलं ते लिओ दलीब या फ्रेंच संगीतकाराच्या ऑपेराचं. १८८३ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेल्या त्या ऑपेराची नायिका एका ब्राह्मण पुरोहिताची मुलगी, आणि ‘लॅक्मे’ म्हणजे आपल्या ‘लक्ष्मी’चाच फ्रेंच उच्चार. (शेवटी ही लक्ष्मी धोत्रा खाऊन मरते. सौंदर्यप्रसाधनाला हे नाव ठेवणाऱ्याने शेवटचा अंक पाहिला होता का, कोण जाणे.) स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि लग्नाने मुंबईकर झालेल्या सिमोन टाटा १९६१ साली लॅक्मेच्या संचालक मंडळावर आल्या आणि १९८२ साली अध्यक्ष झाल्या. भारतातल्या कातडीला आणि हवेला चालतील अशी प्रसाधनं बनवण्याचं बरंचसं श्रेय त्यांच्याकडे जातं. पुढे १९९८ साली टाटांनी लॅक्मेतून अंग काढून घेतलं आणि ती हिंदुस्तान लिव्हरकडे गेली. आलेला पैसा गेला तयार कपड्यांच्या दुकानांत. ट्रेंट ही कंपनी, तिचं वेस्टसाइड, आणि २०१६ पासून तिचंच झुडिओ. म्हणजे शनिवारी एका ट्रायल रूमबाहेर आमची भाची ज्या रांगेत ताटकळत उभी असते, ती रांग लांबून का होईना, काजळाच्या डबीपासूनच सुरू झाली आहे.

शनिवारी म्हटलं, तिथेच सगळी गंमत आहे. आमच्या लहानपणी खरेदीला कारण लागायचं. दिवाळी, मुंज, लग्न. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात पांढऱ्याशुभ्र गादीवर आई, आत्या आणि काकू मांडी घालून बसायच्या, समोर साड्यांचा ढीग पडायचा, कुणीतरी पाणी आणून द्यायचं, आणि दोन तासांनी सगळ्यात शेवटी मला विचारलं जायचं, “आवडली ना?” तोवर साडी घडी होऊन खोक्यात गेलेली असायची. पहिला पगार मी आईच्या हातात ठेवला; त्यातून माझी पहिली खरेदी झाली ती तिनेच केली. ही मुलगी आपल्या पैशाने, आपल्या फोनवर, कुणालाही न विचारता ३९९ रुपयांचा कुर्ता घेते. सण नाही, पाहुणे नाहीत, शुक्रवारी मॅनेजर खेकसला एवढं कारण पुरतं. मला याचा हेवा वाटतो हे लपवण्यात अर्थ नाही. आणि कपाटाकडे पाहिलं की धसकाही वाटतो, कारण सणाची खरेदी सण संपला की थांबायची. शनिवार दर आठवड्याला येतो.

स्वस्त कुर्ता बहुतेकदा पॉलिएस्टरचा असतो. इस्त्री लागत नाही, रंग जात नाही, आणि विटतही नाही. तो नकोसा होतो. आईच्या नऊवारींची गोधडी झाली, गोधडीचं पायपुसणं झालं. भाचीचा एक जुना कुर्ता आईने ओटा पुसायला घेतला आणि दोन मिनिटांत परत आणून दिला. “पाणीच ओढत नाही मेलं. पुसायच्याही कामाचं नाही.” पॉलिएस्टरवर इतकं नेमकं भाष्य मी अजून तरी वाचलेलं नाही.

कृत्रिम धागा आता खणातही आला आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येणारा खण मुळात एका चोळीपुरता, बेताच्या पन्ह्याचा, त्रिकोणी घडी घातलेला. देवीच्या ओटीत असायचा किंवा आजीच्या अंगावर. आज खणाची साडी, खणाचा झगा, खणाची पर्स, कानातसुद्धा खण. पण हातमागाच्या खणाचा पन्हाच मुळात लहान, त्यामुळे बाजारातली खणाची साडी बहुतेकदा यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची निघते. भाचीला हे माहीत आहे. तिला चालतं. मला आधी चालत नव्हतं. पण गणपतीत तिच्या ऑफिसातल्या पंधरा मुली खणाच्या साड्या नेसून आल्याचा फोटो पाहिला आणि माझा विरोध पातळ झाला.

दागिन्यांच्या बाबतीत मात्र तिने मार खाल्ला. खरं ऑक्सिडाइज्ड म्हणजे गंधकाच्या संयुगाने मुद्दाम काळवंडलेली चांदी. खाचांत काळेपणा राहतो, उंचवट्यावर पॉलिश करतात, मग नक्षी उठून दिसते. तुळशीबागेत किंवा एफसी रोडवर दीडशे रुपयांना मिळतं ते हे नव्हे. तिथे खाली पितळ असतं, नाहीतर जर्मन सिल्व्हर. या जर्मन सिल्व्हरमध्ये सिल्व्हर फक्त नावापुरतं. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. निकेल पुष्कळ जणींच्या कातडीला सोसत नाही, आणि घाम आला की धातूतून ते आणखीच सुटतं. भर मे महिन्यात एका लग्नात ही मोठाले झुमके घालून मिरवली आणि तिसऱ्या दिवशी कानाच्या पाळ्या टोमॅटोसारख्या. आता ती आकड्याला पारदर्शक नेलपॉलिश लावते. ते झिजतं, ती पुन्हा लावते. टिकाऊ उपाय म्हणजे फक्त आकडा चांदीचा करून घेणं, पण सोनार दीडशेच्या झुमक्याकडे ज्या नजरेने बघतो ती तिला सोसत नाही.

नटण्यापायी कातडीने सोसणं, यात नवं काही नाही. आईच्या कपाळावर मधोमध एक पांढुरका डाग आहे. ती आधी मेण लावून त्यावर कुंकू लावायची. पुढे चिकटवायच्या टिकल्या आल्या, मेणाची डबी मागे पडली. त्या टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल नावाचं रसायन असायचं, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी टिकली लावणाऱ्या कितीतरी बायकांच्या कपाळाचा रंग त्याने नेला. आई बरीच वर्षं त्या डागाला आपलं नशीब समजत होती. भाची मात्र क्रीमच्या डबीमागची बारीक अक्षरं फोनने मोठी करून वाचते, घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात हे तिला ठाऊक आहे. सनस्क्रीनवर तर तिचं भाषण तयार असतं. एसपीएफ ३० नीट लावलं तर कातडी लाल करणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० लावलं तर सुमारे ९८. त्यामुळे मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा दोन बोटं भरून लावा, चेहऱ्याला आणि मानेला. आम्ही वाटाण्याएवढं लावतो आणि मग ऊन लागलं म्हणून कंपनीला शिव्या घालतो.

तर, त्या चार रेघा. माझा काही उपयोग नाही असं ठरल्यावर भाचीने मनगट आजीपुढे धरलं. आईचं वय ७८, मोतीबिंदू काढलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला. आईच्या पिढीत साडीचा रंग निवडायची मुभा क्वचितच मिळायची, पण रंगाला नाव द्यायला कुणाची आडकाठी नव्हती. आमसुली, चिंतामणी, डाळिंबी, शेवाळी, अबोली. ‘तपकिरी’ हा शब्दसुद्धा कुणाच्या तरी डबीतल्या तपकिरीवरून आलेला.

आईने मनगट उजेडाकडे वळवलं. “ही गेरू,” ती म्हणाली. “ही भाजकी वीट. ही आमसुली.” भाची फोनवर भराभरा लिहून घेत होती. चौथ्या रेघेशी आईचं बोट थांबलं, परत तिसऱ्यावर आलं.

“ही पण आमसुलीच आहे. दोनदा का ओढलीस?”

भाचीने दोन्ही कांड्या खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी धरल्या. बराच वेळ धरल्या. मग तिने ॲप उघडलं आणि परतीचे नियम शोधू लागली. एकदा उघडलेली लिपस्टिक परत घेत नाहीत.