मार्च येण्याआधीचे चार महिने

१६ मार्च २०१८ च्या रात्री शार्लट शहरात अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधला एक अभंग समजला जाणारा नियम मोडला. राष्ट्रीय स्पर्धेत एकूण अव्वल मानांकन मिळालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष संघाला मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या संघाने, म्हणजे ‘यूएमबीसी’ने, ७४-५४ असे हरवले. ही स्पर्धा ६४ संघांची झाली ती १९८५ साली. तेव्हापासून प्रत्येक विभागातला पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाशी खेळत आला होता, आणि असे १३५ सामने झाले तरी एकदाही सोळावा जिंकला नव्हता. हरला तो संघ त्या मोसमात ३१ सामने जिंकून फक्त २ हरलेला होता. साधारण वर्षभराने जवळपास त्याच खेळाडूंनी, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, ८ एप्रिल २०१९ ला मिनिआपोलिसमध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. या दोन वर्षांची गोष्ट अमेरिकेत बहुतेक वेळा नामुष्की आणि तिची भरपाई अशीच सांगितली जाते. सांगायला ती छान आहे. पण माझ्या मते ती या संघावर अन्याय करते, दोन्ही वर्षी. कॉलेज संघाचा मोसम ओळखायचा तो नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या खेळावरून. त्यानंतरच्या तीन आठवड्यांतून विजेता ठरतो, संघाची खरी पत ठरत नाही.

हे पटण्यासाठी स्पर्धेची रचना समजून घ्यायला हवी. अमेरिकेत अव्वल श्रेणीत बास्केटबॉल खेळणारी साडेतीनशेच्या आसपास विद्यापीठे आहेत. आपापल्या गटांमधून, म्हणजे ‘कॉन्फरन्स’मधून, ती तीसेक सामने खेळतात. मग मार्चमध्ये ६८ संघ निवडले जातात आणि सुरू होते निव्वळ बाद फेरी. हरलात की घरी. दुसरी संधी नाही, मालिका नाही. व्यावसायिक एनबीएमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याला सातपैकी चार वेळा हरवावे लागते, तसेही काही नाही. विजेतेपदासाठी ओळीने सहा सामने जिंकावे लागतात. आता साधा हिशेब करू. एखादा संघ इतका चांगला आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के. सहाच्या सहा सामने जिंकण्याची त्याची शक्यता किती? २६ टक्के. प्रत्येक सामन्याला ९० टक्के धरले तरी ती ५३ टक्क्यांवरच थांबते. देशातला निर्विवाद सर्वोत्तम संघसुद्धा विजेता होण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा फारशी जास्त नसते, आणि उरलेल्या सगळ्या वेळी आपण त्याला ‘मोक्याच्या क्षणी कच खाणारा’ म्हणून मोकळे होतो. सलग १० सामने जिंकून १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादमध्ये अंतिम सामना हरलेल्या भारतीय क्रिकेट संघाविषयी आपण काय काय बोललो, ते आठवून पाहावे.

व्हर्जिनियाचा संघ कसा खेळत असे, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण टीकेचा सगळा रोख त्याच्यावरच होता. प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी बचावाची पद्धत वडिलांकडून, डिक बेनेट यांच्याकडून घेतली. तिला ‘पॅक लाइन’ म्हणतात. तीन गुणांच्या कमानीच्या आत काही फुटांवर एक काल्पनिक रेषा धरायची. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्या अंगावर एकच बचावपटू जातो. बाकीचे चौघे त्या रेषेच्या आत दाटून उभे राहतात. चेंडू घेऊन बास्केटकडे घुसायला वाटच उरत नाही. प्रतिस्पर्धी चेंडू इकडून तिकडे फिरवत राहतो आणि शेवटी ३० सेकंदांची मुदत संपत आली की लांबून घाईचा फटका मारतो. स्वतःच्या पाळीला व्हर्जिनियाही तितकाच सावकाश खेळे: एक खेळाडू सहकाऱ्यासाठी आडोसा धरून उभा, दुसरा त्याच्या आडून पळत सुटलेला, आणि मनाजोगी संधी येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. २०१८-१९ मध्ये देशातल्या साडेतीनशे संघांत सर्वांत संथ खेळणारा संघ हाच होता. सामन्याला साधारण ६० वेळा चेंडूचा ताबा, जिथे इतर संघ सत्तरच्या घरात असतात. गुण कमी होत, प्रेक्षक कंटाळत, समालोचक नाके मुरडत. पण ताब्यामागे किती गुण केले आणि किती दिले या हिशेबाने मोजले, तर आक्रमण आणि बचाव या दोन्हींत हा संघ देशातल्या पहिल्या काहींत होता.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो पोकळ नाही. ताबे कमी म्हणजे सामना छोटा, आणि छोट्या सामन्यात दुबळ्या संघाला नशिबाची साथ मिळण्याची शक्यता वाढते. तेव्हा बलवान संघाने संथ खेळणे म्हणजे मार्चमध्ये आपण होऊन संकट ओढवून घेणे आहे, असे जाणकार म्हणत. तत्त्व बरोबर आहे. पण त्याचे वजन करून पाहावे. समजा एक संघ दर ताब्यामागे सरासरी ०.१ गुणाने सरस आहे. ७० ताब्यांत त्याची अपेक्षित आघाडी ७ गुण, ६० ताब्यांत ६ गुण. म्हणजे १४ टक्क्यांची घट. मात्र ताबे कमी झाले की नशिबाचा चढउतारही आक्रसतो, वर्गमुळाच्या प्रमाणात, सुमारे ७ टक्क्यांनी. वजाबाकी केल्यावर संथपणाचा खरा तोटा ७ टक्क्यांच्या आसपास उरतो. तो आहे, पण २० गुणांच्या पराभवाचे स्पष्टीकरण त्यातून होत नाही. ते दुसरीकडे आहे. त्या रात्री यूएमबीसीने तीन गुणांचे २४ पैकी १२ फटके बास्केटमध्ये घातले, व्हर्जिनियाने २२ पैकी ४. एका बाजूला ३६ गुण, दुसऱ्या बाजूला १२. फरक २४ गुणांचा, आणि सामना गेला २० गुणांनी. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती हेही विसरू नये. शिवाय डीआंद्रे हंटर हा संघाचा सर्वांत अष्टपैलू खेळाडू मनगटाचे हाड मोडल्याने स्पर्धेआधीच बाहेर झाला होता. पॅक लाइन प्रतिस्पर्ध्याला लांबचे फटके मारू देते. एखाद्या रात्री ते सगळेच लागले तर काय करायचे, याचे उत्तर तिच्यापाशी नसते, आणि मागे पडलेल्या संथ संघाला वेग वाढवून परतही येता येत नाही. ही त्या पद्धतीची खरी उणीव होती. पण ३३ सामन्यांमध्ये ती जेमतेम दोनदाच महागात पडली होती.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती बेनेट यांनी त्यानंतर केलेली गोष्ट. देशभर टवाळी चालू असताना त्यांनी पद्धत टाकून दिली नाही आणि हटवादीपणाही केला नाही. बचाव तोच ठेवला. आक्रमणात मात्र फेरफार केला: चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी थेट आडोसा धरायची चाल वाढवली, म्हणजे टाय जेरोमसारख्या चतुर खेळाडूला वाट काढून निर्णय घ्यायला मोकळीक मिळावी. हंटर बरा होऊन परतला. काइल गायचे लांबचे फटके होतेच. किहेई क्लार्क हा जेमतेम पावणेसहा फुटांचा नवखा मुलगा प्रतिस्पर्ध्यांच्या चेंडूवाहकांना सळो की पळो करू लागला. पराभवातून जेवढे खरे होते तेवढेच घ्यायचे आणि बाकीचा गलका सोडून द्यायचा, हे मोजके शहाणपण फार कमी प्रशिक्षकांपाशी असते. मोसमात ड्यूककडून दोनदा आणि फ्लोरिडा स्टेटकडून एकदा, असे तीनच पराभव झाले. त्या ड्यूकमध्ये झायन विल्यमसन, आर. जे. बॅरेट आणि कॅम रेडिश होते, आणि त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत हे तिघे पहिल्या दहांत गेले. तो ड्यूक अंतिम चार संघांतही पोहोचला नाही. मिशिगन स्टेटकडून एका गुणाने हरला.

आता दुसरा, उलट बाजूचा आक्षेप: विजेतेपद निव्वळ नशिबाने मिळाले. याला माझे उत्तर ‘नाही’ असे नाही. शेवटचे तीन सामने पाहिले तर हे विजेतेपद तीनदा हातातून गेलेच होते. लुइव्हिलमध्ये पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने तीन गुणांचे दहा फटके मारून ४२ गुण केले. ५.९ सेकंद उरले असताना व्हर्जिनिया ३ गुणांनी मागे. जेरोमने पहिला फ्री थ्रो घातला, दुसरा हुकला. ममादी डियाकितेने उसळलेला चेंडू मागे थोपटला तो थेट मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गेला. क्लार्क त्याच्यामागे धावला, चेंडू उचलला, आणि जवळच हात वर करून उभ्या असलेल्या जेरोमला न देता पार पुढे डियाकितेकडे फेकला. डियाकितेचा फटका हातातून सुटला आणि वेळ संपली. चेंडू आत. बरोबरी. जादा वेळेत ८०-७५ असा विजय. पुढच्याच आठवड्यात उपांत्य सामन्यात ऑबर्न दोन गुणांनी पुढे, उरलेले सेकंद ०.६, आणि कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका मारणाऱ्या गायला धक्का लागल्याने तीन फ्री थ्रो. सत्तर हजारांवर प्रेक्षक. पहिला आत, दुसरा आत, आणि तिसऱ्याआधी त्याला ताटकळत ठेवण्यासाठी ऑबर्नने विश्रांती मागितली. तिसराही आत, ६३-६२. काही सेकंद आधी जेरोमने चेंडू दोन्ही हातांनी पकडून पुन्हा टप्पा मारला होता. नियमाने तो दोष होता. पंचांनी तो दिला नाही. अंतिम सामन्यात टेक्सस टेकविरुद्ध तेरा सेकंद उरले असताना पुन्हा ३ गुणांची पिछाडी. हंटरच्या तीन गुणांनी बरोबरी आणि जादा वेळेत ८५-७७.

म्हणजे नशीब होते, भरपूर होते, आणि ऑबर्नच्या पाठीराख्यांचा राग मी समजू शकतो. पण याच पुराव्याने माझे म्हणणे बळकट होते. २०१८ चा पराभव आणि २०१९ चे विजेतेपद या दोन्हींमध्ये एका रात्रीच्या चढउताराचा वाटा मोठा होता. ज्यांना पहिला निकाल ‘खरी लायकी’ वाटला त्यांनी दुसराही तसाच मानायला हवा. एक लायकी आणि दुसरे नशीब, असे सोयीने वाटून घेता येणार नाही. दोन्ही मोसमांत समान काय होते ते पाहावे: गटात १८ पैकी १७ विजय एका वर्षी, १६ दुसऱ्या वर्षी, आणि तेही देशातल्या सर्वांत कठीण गटांपैकी एकात.

यावर कुणी म्हणेल की स्पर्धेचे नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतात, आणि दडपणाखाली उभे राहणे हीसुद्धा गुणवत्ताच आहे. ती गुणवत्ता आहेच. २०१९ च्या पहिल्या फेरीत सोळाव्या मानांकनाचा गार्डनर-वेब ३०-१६ असा पुढे गेला, तेव्हा या मुलांच्या मनात मागच्या वर्षीची रात्र आली नसेल असे म्हणणे शक्य नाही. ती पिछाडी भरून त्यांनी ७१-५६ असा विजय मिळवला. पण दडपण सोसण्याची ताकद एखाद्याच्या अंगी कायमची असते, आणि शेवटच्या सेकंदाला ती हमखास दिसते, हे खरे नाही. याला क्लार्कइतका बोलका पुरावा दुसरा नाही. १६ मार्च २०२३ रोजी, यूएमबीसीच्या पराभवाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, फर्मनविरुद्ध व्हर्जिनिया शेवटच्या क्षणांत पुढे होता. दोघांच्या घेऱ्यात सापडलेल्या क्लार्कने चेंडू लांब फेकला, तो फर्मनच्या हातात गेला, तीन गुणांचा फटका लागला आणि सामना ६८-६७ असा निसटला. मुलगा तोच, तसाच लांबचा पास. २०१९ मध्ये धीट आणि २०२३ मध्ये भित्रा, असे तर त्याच्याबद्दल म्हणता येणार नाही.

बेनेट यांचे टीकाकार २०१९ नंतरचा हिशेबही पुढे करतात: २०२१, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी व्हर्जिनिया स्पर्धेतला पहिलाच सामना हरला. हे खरे आहे. मात्र हे संघ नोव्हेंबरपासूनच त्या दोन संघांच्या तोडीचे नव्हते. २०२१ आणि २०२३ मध्ये त्यांचे मानांकन चौथे होते, २०२४ मध्ये दहावे. २०२१ मध्ये तर कोविडमुळे त्यांना गटाची स्पर्धा अर्धवट सोडावी लागली होती. मोसमभराचा खेळच सांगत होता की हे संघ चांगले आहेत, असामान्य नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मोसम तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले. खेळाडूंना मिळू लागलेला पैसा आणि दरवर्षी विद्यापीठ बदलण्याची मुभा या नव्या व्यवस्थेत आपण बसत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. खेळाडूंना त्यांच्या मेहनतीचे पैसे मिळावेत, हे न्याय्यच आहे. पण गाय, जेरोम आणि हंटर यांनी शार्लटच्या रात्रीनंतरही तिथेच राहून पुढचा मोसम खेळला, तसे आता घडणे अवघड झाले आहे.

गायच्या तीनपैकी दोन फ्री थ्रो बाहेर गेल्या असत्या, तर त्या संघाचा मोसम ३३ विजय आणि ४ पराभवांवर थांबला असता आणि तोच संघ आज ‘पुन्हा मार्चमध्ये ढेपाळलेला’ म्हणून ओळखला गेला असता. तरीही तो त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम संघच असता. पुढच्या मार्चमध्ये कुणी पहिल्या मानांकनाचा संघ पहिल्याच फेरीत कोसळलेला दिसला, तर त्याच्यावर शिक्का मारण्याआधी त्याचे नोव्हेंबरपासूनचे दहा-पंधरा सामने जरूर पाहा.