‘असं चालतं का?’ला उत्तर देणारा कोश

इंग्रजी शिकणाऱ्याचे प्रश्न बहुधा अर्थाचे नसतात. ‘सजेस्ट’ म्हणजे सुचवणे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. घोडे अडते ते पुढे. ‘मला एक पुस्तक सुचव’ हे मनात तयारच असते, म्हणून तोंडून बिनदिक्कत ‘सजेस्ट मी अ बुक’ निघते. इंग्रजाच्या कानाला ते खटकते. पण का खटकले, हे त्यालाही धड सांगता येत नाही. आपली भाषा कोण नियम पाठ करून शिकतो?

ही गोम ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकांना उमगली ती जपानात. १९२४ साली ते तिकडे शिकवायला गेले. टोकियोत हॅरल्ड पामर यांची इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणारी संस्था होती. क्रियापदांच्या वर्गीकरणाचा पामरांचा नाद हॉर्नबींनाही लागला. गेटेनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोच्या काइताकुशा प्रकाशनाने काढला. ब्रिटन आणि जपान तेव्हा एकमेकांशी लढत होते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रकाशकाच्या छातीचे कौतुक वाटते. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, ऑक्सफर्डने त्याच पानांची छायाचित्रे घेऊन तो पुन्हा छापला.

कोशाची खरी करामत क्रियापदांच्या २५ साच्यांत आहे. ‘वाँट’ काढा, शेजारी साच्यांचे क्रमांक. त्यातला एक सांगतो : आधी क्रियापद, मग माणूस, मग ‘टू’ लावलेले दुसरे क्रियापद. म्हणून ‘आय वाँट हिम टू गो’ खुशाल म्हणा. ‘सजेस्ट’ला मात्र हा साचा चालत नाही; तिथे ‘दॅट’ने वाक्य जोडायचे. ‘चूक’ असा शेरा नाही, छडी नाही. नामांचीही अशीच सोय : कोणते मोजता येते, कोणते नाही, याची खूण केलेली. ‘फर्निचर्स’ आणि ‘ॲडव्हाइसेस’ लिहिणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक अर्जदारांना ती एवढीशी खूण पुरली असती.

फाउलरचे १९२६ चे शब्दप्रयोगांवरचे पुस्तक जास्त गाजले, पण ते इंग्रजी येणाऱ्यांची घासपूस करते. न येणाऱ्याच्या कामाचे हॉर्नबीच.

एक मात्र खरे, ते क्रमांक फार कोणी लक्षात ठेवले नाहीत. विद्यार्थी सरळ उदाहरणाचे वाक्य पाहत आणि त्यावर आपले बेतत. हॉर्नबी १९७८ मध्ये गेले. १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत क्रमांक जाऊन अक्षरांच्या सोप्या खुणा आल्या. उदाहरणांची वाक्ये मात्र कोणालाच काढावीशी वाटली नाहीत.