एसी १६ वर ठेवला की खोली लवकर गार होते का? उन्हाळ्यातलं वीजबिल नेमकं कशामुळे वाढतं?

दुपारच्या उन्हातून घरी आलं की बऱ्याच जणांचा हात आधी एसीच्या रिमोटकडे जातो. आकडा थेट १६ किंवा १८ वर. खोली लवकर गार व्हावी, एवढीच अपेक्षा. तासाभराने थंडी वाजायला लागते. मग कोणी चादर ओढून घेतं, कोणी एसी बंद करतं आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करतं. मे महिन्याचं बिल आलं की घरात वाद सुरू होतो, एसी एवढा कोणी चालवला?

पण एसी किती तास चालला याइतकाच महत्त्वाचा आहे रिमोटवरचा तो आकडा.

१६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते का?

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत तसं होत नाही. त्याचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण ताकदीने चालतो किंवा बंद असतो. रिमोटवर १६ असो वा २६, ३४ अंशांवर तापलेली खोली त्याच वेगाने गार होत जाते. आकडा फक्त एवढंच सांगतो की कॉम्प्रेसरने कधी थांबायचं. २६ वर ठेवला तर तो अधूनमधून विसावतो. १६ वर ठेवला तर भर उन्हाळ्यात खोली तिथवर पोहोचतच नाही आणि कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो.

इन्व्हर्टर एसीचं थोडं वेगळं आहे. खोली ठरलेल्या तापमानाजवळ आली की त्याचा कॉम्प्रेसर बंद न होता मंद होतो. त्याची सगळी बचत या मंद चालण्यातच असते. आकडा फार खाली ठेवला तर मंद होण्याची वेळच येत नाही, आणि इन्व्हर्टरसाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात.

एका अंशाने काय फरक पडतो?

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. भिंती, काचा आणि फटींमधून उष्णता पुन्हा आत येत राहते. उन्हाळ्यात विहीर उपसण्यासारखंच हे काम आहे. पाणी जितकं खाली न्यावं, तितके झरे जोरात वाहू लागतात. बाहेर ३८ अंश असताना खोली १८ वर ठेवायची तर २० अंशांचा फरक सांभाळावा लागतो. २६ वर ठेवली तर हाच फरक १२ अंशांचा होतो.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या अंदाजानुसार सेटिंग एका अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवर यावेत, असा नियम करण्यात आला. आकडा बदलण्याची मुभा मात्र ग्राहकाला आहे.

बिलावर त्याचा परिणाम किती?

एक ढोबळ हिशोब पाहू. दीड टनाचा एसी तासाला सरासरी १ युनिट वीज घेतो आणि रोज ८ तास चालतो, असं धरलं तर महिन्याला २४० युनिट होतात. घरातला बाकीचा वापर १५० युनिट असेल तर एकूण ३९०. आता सेटिंग २२ वरून २६ वर नेलं तर ४ अंशांचे साधारण २४ टक्के, म्हणजे ५८ च्या आसपास युनिट वाचतात.

इथे स्लॅबचा मुद्दा येतो. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. ३०० ओलांडले की सगळंच बिल महाग दराने लागतं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. फक्त ३०० च्या वरच्या युनिटना तो वरचा दर लागतो. पण याचा अर्थ वाचलेले ५८ युनिटही याच महाग टप्प्यातून कमी होतात. त्यामुळे युनिट १५ टक्के घटले तरी रुपयांतली बचत त्याहून जास्त दिसते.

२६ वर उकडणार नाही का?

नुसत्या एसीवर काहींना उकडेल. त्यासाठी सोबत पंखा लावायचा. पंख्यामुळे हवा गार होत नाही, पण अंगावरचा घाम वाळतो आणि गारवा जाणवतो. जुना ७५ वॅटचा पंखा रोज ८ तास चालला तर महिन्याला १८ युनिट घेतो, साधारण ३० वॅटचा बीएलडीसी पंखा ७ च्या आसपास. पंख्याचा हा खर्च वजा केला तरी फायदा उरतोच.

मुंबई आणि कोकणात तापमानापेक्षा दमटपणाचा त्रास जास्त असतो. तिथे फार उकाडा नसलेल्या रात्री रिमोटवरचा ‘ड्राय’ मोड पुरतो. विदर्भात हवा कोरडी असल्याने एप्रिल-मे महिन्यांत कूलर चांगलं काम करतो आणि एसीपेक्षा कितीतरी कमी वीज घेतो. दमट हवेत मात्र कूलरचा फारसा उपयोग होत नाही.

घरात आणखी काय करता येईल?

फिल्टर: सीझनमध्ये दर दोन आठवड्यांनी एसी बंद करून फिल्टर काढावा, साध्या पाण्याने धुवावा आणि सावलीत वाळवावा. धूळ साचली की हवा अडते आणि तेवढ्याच गारव्यासाठी एसी जास्त वेळ चालतो.

आउटडोअर युनिट: उष्णता इथूनच बाहेर पडते. त्यासमोर अडगळ, प्लास्टिकचं आच्छादन किंवा कबुतरांचं घरटं असेल तर गरम हवा तिथेच कोंडते.

ऊन: पश्चिमेच्या खिडकीला दुपारी जाड पडदा हवा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिल्याने फरक जाणवतो.

रात्र: ‘स्लीप’ मोडमध्ये तापमान हळूहळू वाढतं, त्यामुळे पहाटे चादर शोधावी लागत नाही.

नवा एसी घेताना: फक्त स्टार मोजू नयेत. १ जुलै २०२२ ला निकष कडक झाले, तेव्हा आधीचे ५ स्टार नव्या मोजणीत ४ झाले. त्यामुळे लेबलवरचं वर्ष आणि वार्षिक युनिटचा आकडा पाहावा. हा आकडा वर्षाला १६०० तासांचा वापर धरून काढलेला असतो.

बचत म्हणजे एसी बंद ठेवणं का?

नाही. उष्णतेच्या लाटेत वृद्ध, लहान बाळं आणि आजारी माणसं यांना उष्माघाताचा धोका जास्त असतो. बिलाच्या धास्तीने त्यांच्या खोलीतला एसी बंद ठेवणं अंगाशी येऊ शकतं. २६ अंश आणि पंखा, एवढ्यावरही त्यांची खोली सुरक्षित राहते, आणि एसी जास्त वेळ चालू ठेवणंही परवडतं.