शेतात आणि वाटेवर : फिरता नळ

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील सर्व २५४ गावांत घरोघरी नळाचे पाणी पोहोचल्याचे ग्रामसभांच्या ठरावांनी प्रमाणित झाले. असा हा देशातील पहिला जिल्हा होय, व ही घोषणा जुलै २०२२ मध्ये झाली. मात्र दापोऱ्यासारख्या केळीच्या पट्ट्यातील गावांचा निम्मा दिवस घरात जात नाही. केळीचे घड उतरविणारी टोळी सकाळी बागेत जाते ती दुपारची भाकरी तेथेच सोडते. कोणी सातपुड्याच्या वाटेने यात्रेस निघतो. मुक्ताईनगरहून पंढरपूरकडे निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी तर महिनाभर वाटेवर असते. शाळेची सहल, लसीकरणाचे पथक, मतदान केंद्रावर जाणारे कर्मचारी यांचीही गत हीच. पक्की सडक सुटली की नळही सुटतो.

अशा ठिकाणी पाणी मुळीच नसते असे नाही. ट्रॉलीत एखादा ड्रम, निदान एक हंडा असतोच. अडचण ते वापरण्याच्या पद्धतीत आहे. एका बादलीत दहाजण हात बुडवितात आणि त्याच पाण्यात ताटे खळबळतात. पहिल्याचे हात स्वच्छ होतात, दहाव्याच्या हातांना आधीच्या नऊ जणांची घाण लागते. अतिसाराचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास एवढे पुरे असते. फवारणीच्या दिवसांत त्या पाण्यात औषधाचा अंशही उतरतो.

आपल्याकडील जुनी रीत या बाबतीत अधिक शहाणपणाची होती. हात पाण्यात घालावयाचा नाही, तांब्याने पाणी हातावर घालावयाचे, असा घरोघरी दंडक असे. परंतु त्यासाठी दुसरे माणूस लागते. एकट्याने तांब्या धरला तर एकच हात मोकळा राहतो, आणि साबणाचा हात तांब्याला लागतो तो वेगळाच. पुढे वर्णन केलेला फिरता नळ या दुसऱ्या माणसाचे काम करतो.

यासाठी वीस लिटरचा खाद्यतेलाचा किंवा पाण्याचा प्लास्टिकचा कॅन घ्यावा. त्याच्या तळापासून दोन बोटे वर छिद्र पाडून, आतून व बाहेरून रबरी वॉशर लावून प्लास्टिकची तोटी घट्ट बसवावी. छिद्र अगदी तळाशी घेतल्यास आतून चकती फिरविण्यास जागा राहत नाही. दुसरे बारीक छिद्र वरच्या बाजूस, झाकणात, हवेसाठी पाडावे. हे छिद्र पुष्कळजण विसरतात आणि तोटी खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतात. वास्तविक बंद डब्यातून पाणी बाहेर पडले की आत हवेचा दाब कमी होतो, धार अडखळते व शेवटी थांबते. वरून हवा आत येऊ लागली की धार एकसारखी वाहते.

पाण्यास गती देण्यासाठी पंप लागत नाही, उंची पुरते. बुऱ्हाणपूरकरांस हे सांगावयास नको. सन १६१५ च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी शंभरावर कुंड्या जोडणाऱ्या भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले होते. कॅनमध्येही तेच तत्त्व लहान प्रमाणात काम करते. छिद्रावर वीतभर पाणी असेल तर तीन मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून मिनिटास सुमारे अर्धा लिटर पाणी पडते. पाण्याची उंची चौथाईवर आली की धार निम्मी होते. म्हणून शेवटी कॅन तोटीच्या बाजूस किंचित कलता करावा. हात धुण्यास बारीक धार पुरते. भांड्यांसाठी तोटी अधिक उघडावी.

भरलेल्या कॅनचे वजन वीस किलोंहून अधिक होते, तेव्हा तो फांदीस टांगण्याचा मोह टाळावा. ट्रॉलीच्या किंवा बैलगाडीच्या कडेवर, तोटी बाहेर येईल असा ठेवून दोरीने आवळावा. कमरेइतकी उंची सोयीची. त्याहून वर असल्यास पाणी उडून वाया जाते.

वापरताना प्रथम हात भिजवावेत, तोटी बंद करून वीस सेकंद साबण चोळावा, मग पुन्हा तोटी उघडावी. केळीचा चीक हातावर सुकला असेल तर आधी थोडे गोडेतेल चोळावे, केवळ साबणास तो दाद देत नाही. ताटांतील खरकटे पानाने निपटून काढावे, ती थोड्या साबणाच्या पाण्याने घासावीत आणि शेवटी मात्र धारेखालीच धरावीत. या पद्धतीने दहा माणसांचे हात व ताटे साधारणपणे एका कॅनमध्ये आटोपतात. नदीनाल्याचे पाणी भरले असल्यास ते गाळून क्लोरीनची गोळी वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात टाकावी व अर्धा तास थांबावे. पिण्याचे पाणी वेगळेच असावे. त्यासाठी जुनी कापडी छागल किंवा माठ आजही उत्तम.

तोटी मिळत नसेल तरीही अडत नाही. झिंबाब्वे देशात १९८० च्या दशकात एक साधी युक्ती प्रचारात आली. पाच लिटरचा कॅन आडव्या काठीवर मुठीने अडकवितात, झाकणाखाली बारीक छिद्र पाडतात आणि गळ्यास बांधलेली दोरी जमिनीवरील दुसऱ्या काठीस जोडतात. ती काठी पायाने दाबली की कॅन कलतो व धार पडते. पाय काढला की तो सरळ होतो. हाताचा स्पर्श कोठेच होत नाही. शाळेच्या आवारात मुलांकडून ही रचना एका तासात करवून घेता येते.

एका गोष्टीत तडजोड नको. कीटकनाशकाचा वा तणनाशकाचा रिकामा कॅन कितीही वेळा धुतला तरी या कामी घेऊ नये. तो मजबूत असतो, फुकट असतो, म्हणूनच हाताशी येतो. त्यास भोके पाडून तो निकामी करावा, म्हणजे दुसराही कोणी उचलणार नाही.

सांडपाणी विहिरीपासून व ओढ्यापासून पन्नास-साठ पावले दूर, लहान खड्ड्यात सोडावे. खरकटे आधी काढलेले असल्यास खड्ड्यावर माश्या फारशा जमत नाहीत. प्रवासाहून परतल्यावर कॅन साबणाने आतून धुवावा आणि झाकण व तोटी उघडी ठेवून, तोंड खाली करून सावलीत वाळवावा. सतत उन्हात राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते, व पहिली चीर बहुधा तोटीच्या छिद्रापाशीच जाते.