द.सा.द.शे. म्हणजे आपलंच व्याज

सातवीच्या गणितात सरळव्याज येतं. लेक वही घेऊन आली, तर "मला कुठं गणित येतं?" म्हणू नका. बचत गटाचं व्याज तुम्ही दर महिन्याला काढताच.

गणित असं असतं: ५,००० रुपये, द.सा.द.शे. १२, मुदत २ वर्षे, व्याज किती?

द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. वर्षाला शंभरावर १२ रुपये. पाच हजारांत शंभर किती? ५०. मग ५० गुणिले १२, वर्षाचं व्याज ६०० रुपये. दोन वर्षांचं १,२००. मुद्दल धरून रास ६,२००.

आता फरक बघा. बऱ्याच गटांत 'शेकडा २' म्हणतात, ते महिन्याचं. बाराने गुणा, दर साल २४ झाले. कुणी "फक्त शेकडा ५" म्हणालं, तर वर्षाला ६०! मुद्दल तसंच राहिलं, तर ५,००० वर वर्षाचं व्याजच ३,०००.

म्हणून मुरबाडला बँकेत असो की वैशाखऱ्यात कुणाच्या ओटीवर, कर्ज घेताना आधी विचारा: व्याज महिन्याचं की सालाचं? आणि आज गटाच्या वहीतलं एक कर्ज लेकीला सोडवायला द्या. तिचा अभ्यास होईल, आपला हिशोबही तपासला जाईल.