उपमालिका की स्वतंत्र मालिका? : खेळांतील व बोलींतील वर्गीकरणाचा एक प्रश्न

एका मुळातून दोन वस्तू निघाल्या असता दुसरीस पहिलीची शाखा म्हणावयाचे की निराळे कुल, हा प्रश्न भाषाभ्यासकास नवा नाही. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात तोच प्रश्न ‘स्पिन-ऑफ’ व ‘फ्रँचाइज’ या संज्ञांच्या रूपाने उपस्थित होतो. पहिलीस उपमालिका व दुसरीस स्वतंत्र मालिका म्हणता येईल. या दोहोंतील सीमारेषेच्या कसोट्या तपासल्या असता चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशातील बोलींविषयीचा वादही अधिक स्पष्ट होतो.

पहिली कसोटी नावाची. ‘वारिओ’ हे पात्र १९९२ साली ‘सुपर मारिओ लँड २’ या खेळात प्रतिनायक म्हणून अवतरले. १९९४ च्या खेळास ‘वारिओ लँड : सुपर मारिओ लँड ३’ असे जोडनाव मिळाले, १९९८ च्या ‘वारिओ लँड २’मध्ये त्यातील उत्तरपद गळाले. शाखा मुळापासून सुटत असल्याची ही खूण होय. तथापि नाव फसवेही असते. ‘पर्सोना ३’ हा खेळ २००६ साली जपानात केवळ त्याच नावाने निघाला. पुढील वर्षी अमेरिकेत मात्र त्याच्या आरंभी ‘शिन मेगामी टेन्सेई’ हे मातृमालिकेचे नाव जोडण्यात आले. खेळ एकच, एका बाजारात तो स्वतंत्र, दुसऱ्यात आश्रित.

दुसरी कसोटी घडणीची. ‘सुपर मारिओ कार्ट’ (१९९२) हा शर्यतीचा खेळ उड्या मारीत पुढे जाण्याच्या मूळ खेळाहून सर्वस्वी भिन्न आहे. परंतु त्यातील पात्रे व सृष्टी उसनी आहेत. म्हणून तो कितीही लोकप्रिय झाला तरी उपमालिकाच ठरतो. केवळ घडणीचा भेद स्वातंत्र्यास पुरेसा नाही.

तिसरी आणि निर्णायक कसोटी स्वतःच्या वंशविस्ताराची. ‘पर्सोना’चे क्रमांकित खेळ तर निघालेच, शिवाय ‘पर्सोना ४ अरीना’ (२०१२) हा द्वंद्वयुद्धाचा खेळ ‘पर्सोना’चीच उपशाखा मानला जातो, आजीची नव्हे. खुद्द मारिओचा उगम ‘डाँकी काँग’ (१९८१) या खेळात आहे. पण मारिओच्या मालिकेस आज कोणी त्याची शाखा म्हणत नाही. तात्पर्य, उगम पुसला जात नाही. आश्रय मात्र संपू शकतो. वर्गीकरण आश्रयावर करावयाचे, उगमावर नव्हे.

हाच विचार या दोन जिल्ह्यांना लावून पाहावा. येथील झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, तिचा शब्दसंग्रहही वेगळा आहे, तिच्यात लेखनही होते. तरी शाळा, वृत्तपत्र व कचेरी यांसाठी तिचे भाषक प्रमाण मराठीकडेच वळतात. घडण भिन्न, आश्रय कायम, अशी ही स्थिती आहे. हलबीचे तसे नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठीविषयक खंडात तिला स्थान मिळाले होते. २०११ च्या जनगणनेत ती साडेसात लाखांहून अधिक भाषकांची स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली गेली. हे जोडनावातील पद गळण्यासारखेच झाले.

माडियाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. जनगणनेत ती सुमारे ३० लाख भाषकांच्या गोंडीखाली मोडते. आयएसओ ६३९-३ या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत मात्र तिला गोंडीच्या बाहेर स्वतंत्र संकेत आहे, आणि अहेरीची गोंडी गोंडीच्या आत वेगळी गणली आहे. ध्वनिविचार येथे निर्णय देत नाही. गोंडीच्या उत्तर व पश्चिमेकडील बोलींत शब्दारंभी ‘स्’ असतो, दक्षिण व पूर्वेकडे त्याचा ‘ह्’ होतो आणि आणखी पुढे तोही लोपतो. हा बदल पायरीपायरीने होतो. मध्ये कोठेही भिंत नाही. परंतु झाडीबोलीस मराठीचा जसा आश्रय आहे, तसा माडियास गोंडीचा नाही. भामरागडच्या माडिया भाषकास लेखनव्यवहारासाठी वळावे लागते ते मराठीकडे. संबंध सख्खा, पण आश्रय नाही; म्हणून माडियास गोंडीची भगिनी मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

खेळ आणि भाषा यांत एक मूलभूत भेद आहे. खेळास मालक असतो; नाव ठेवावे की गाळावे हे तो ठरवितो, आणि चुकले तरी नुकसान व्यापाराचे होते. भाषेस मालक नाही. घटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय अपेक्षिली आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. तेथे उपयोगी पडणारे पुस्तक भामरागडच्या माडिया मुलास आपले वाटेल काय? गोंडी हे एकच नाव पुढे करून ‘होय’ म्हटल्यास त्या मुलाच्या हाती आणखी एक परकी भाषा येण्याचा धोका आहे. उलट प्रत्येक बोलीस निराळी म्हटल्यास एकाही बोलीत पुस्तके निघण्याइतके बळ उरणार नाही. यास्तव माडिया मुलास गोंडी पाठ वाचून दाखवून त्याला तो कितपत उमगतो, हे गावोगाव पाहणे हाच वर्गीकरणाचा प्रामाणिक आरंभ होय.